अभ्यासाच्या टेन्शनमध्ये खात सुटताय? रात्र नंतर बघू, आधी दुपार सुधारा

सबमिशन जवळ आली की ज्युनियर्सचे तेच ते मेसेज यायला लागतात. ताई, दिवसभर ठीक असते पण रात्री अभ्यासाला बसले की खात सुटते, काय करू. मग मी विचारते की आतापर्यंत काय केलंस, तर उत्तरसुद्धा ठरलेलं. सोमवारपासून भात बंद, मैदा बंद, साखर बंद, सातनंतर तोंडात काही घालायचं नाही, आणि बुधवारी रात्री वेफर्सचं मोठं पाकीट, वर अर्धा डबा शंकरपाळी, मग रडारड, मग गुरुवारपासून आणखी कडक नियम. मी स्वतः एफवायपासून टीवायपर्यंत (म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तिसऱ्यापर्यंत) हेच करत आले म्हणून सांगते, यात इच्छाशक्ती बिच्छाशक्ती काही कमी पडत नाही, क्रम चुकतो. सगळे जण रात्री अकराला लढायला उभे राहतात. त्या वेळी अंगात त्राण नसतं, डोकं शिणलेलं असतं, आणि पोटात दुपारपासून धड काही गेलेलं नसतं. तिथे कुणीही हरेल. रात्रीचं खाणं दुपारीच ठरून गेलेलं असतं, त्यामुळे सुरुवात तिथून करायची.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते, हा वजन कमी करायचा लेख नाही. दोन्ही एकदम करायला गेलात तर दोन्ही फसतील. मी डॉक्टर नाही, डाएटिशियनही नाही. डायबेटीस असेल, किंवा स्टेरॉइड, मानसोपचाराच्या काही गोळ्या असं काही चालू असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, कारण काही औषधांनीच भूक वाढते. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

## सुरू करण्याआधी

परीक्षेच्या आठवड्यात हे सुरू करू नका. पेपरच्या आदल्या दिवशी नवीन सवय लावायला जाणं म्हणजे लोकल सुटल्यावर दाराला लटकण्यासारखं आहे. लेक्चर्स नेहमीसारखी चालू आहेत असा साधा आठवडा निवडा. परीक्षा डोक्यावरच असेल तर आत्ता थेट पायरी ६ वाचा, बाकीचं परीक्षा झाल्यावर.

सामान फार लागत नाही. नेहमीच्या डब्याशिवाय एक छोटा डबा (मुखवासाचा नको, त्यात दोन अंडी बसली पाहिजेत), पाण्याची बाटली, आणि फोनमधली नोट्स किंवा खिशात मावेल अशी वही. वजनकाटा असेल तर दोन आठवडे कपाटावर ठेवा. रोज सकाळी त्यावर उभं राहिलात की तो आकडा दिवसभर डोक्यात फिरतो आणि तुम्ही दुपारचं जेवण अर्धं करता, मग पुढे काय होतं ते वर लिहिलंच आहे.

## पायरी १: चार दिवस फक्त लिहा, काहीही बदलू नका

चार दिवस घ्या, त्यात एक रविवार आणि एक प्रॅक्टिकलचा दिवस असू दे. दर वेळी काही खाल्लं की एक ओळ लिहायची. किती वाजता, कुठे, काय, खायच्या आधी भूक किती होती (० ते १०), आणि त्याच्या पाच मिनिटं आधी काय चाललं होतं. एवढंच. ‘५:५०, प्लॅटफॉर्म, २ समोसे, भूक ९, लोकल चुकली.’ ‘११:२०, घरी, बिस्किटं, भूक २, अकाउंट्सचा सम टॅली होत नव्हता.’

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी शॉर्टकट. यूपीआय ॲपची हिस्टरी उघडा आणि गेल्या महिन्याची खाण्यावरची पेमेंट्स वेळेसकट बघा. तिथे खोटं बोलता येत नाही. माझ्या हिस्टरीत वीस रुपये, पंधरा रुपये, चाळीस रुपये अशी ढीगभर पेमेंट्स होती आणि जवळजवळ सगळी संध्याकाळी सहा ते सात या तासातली, स्टेशनच्या आसपासची. मला तोपर्यंत वाटत होतं की माझा प्रॉब्लेम रात्री आहे. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी डबा चार वाजता उघडत होते, तोही अर्धा, कारण पोळ्या वातड झालेल्या असायच्या आणि मैत्रिणी कँटीनमध्ये निघालेल्या असायच्या.

जी खाणी यूपीआयमध्ये दिसत नाहीत ती घरातली, आणि तीच लिहायला लाज वाटते. आमचं घर वन बीएचके. आई-बाबा हॉलमध्ये, आजी बेडरूममध्ये, आणि माझी अभ्यासाची जागा स्वयंपाकघरात, सिलिंडरशेजारी फोल्डिंगची खुर्ची आणि डोक्यावर स्टीलच्या डब्यांची मांडणी. रात्री दीड वाजता चकलीचा डबा काढायचा, झाकण उघडताना टण्‌ आवाज होऊ नये म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा वर दाबून धरायचा, दिवा न लावता ओट्याशी उभं राहून खायचं, आणि चकली दातांनी न मोडता आधी तोंडात भिजवायची म्हणजे कुरकुर ऐकू जाणार नाही. एक दिवस सकाळी आई म्हणाली, घरात उंदीर शिरलाय वाटतं, डबा हलका लागतोय. तिला सगळं माहीत होतं. ते मी वहीत ‘१:३०, चकल्या, मोजल्या नाहीत’ असं लिहिलं, आणि लिहिल्यावर खरंच थोडं हलकं वाटलं.

इथे लोक चुकतात: कॅलरी मोजायला लागतात. नको. दुसरं म्हणजे दिवसाचं सगळं रात्री झोपताना एकदम लिहितात, तेव्हा निम्मं आठवत नाही आणि उरलेलं निम्मं आपण चांगलं करून लिहितो.

पुढे जायच्या आधी चेक: चार दिवसांच्या ओळी समोर ठेवून दोन खाण्यांमध्ये पाच तासांपेक्षा मोठी गॅप कुठे पडली तिथे खूण करा. त्या खुणेनंतर काय खाल्लंय ते बघा. बहुतेकांना इथेच उत्तर मिळतं.

## पायरी २: आधी पोट, मन नंतर

ही सगळ्यात मोठी पायरी आहे आणि सगळे नेमकी हीच गाळतात, कारण ती बोअरिंग आहे. नियम एकच, जागे असताना चार तासांपेक्षा जास्त उपाशी राहायचं नाही. भूक लागो न लागो, ठरलेल्या वेळी थोडं तरी खायचं. ‘भूक नाहीये तर कशाला खाऊ’ हा प्रश्न येणारच. सकाळी व्हायवा असेल तर घास उतरत नाही, आणि संध्याकाळी तेच पोट विहिरीसारखं होतं. याचं कारण शरीरात आहे, अचानक आलेल्या टेन्शनने ॲड्रेनलिन नावाचं हार्मोन वाढतं आणि भूक तात्पुरती मरते, पण टेन्शन लांबलं की कॉर्टिसॉल या दुसऱ्या हार्मोनचं काम चालू होतं आणि ते भूक वाढवतं, त्यातही गोड आणि तळलेलं हवंसं वाटतं. म्हणून सकाळच्या त्या ‘भूक नाही’वर विश्वास ठेवायचा नाही.

लांबून येणाऱ्यांसाठी माझं वेळापत्रक देते, तुमच्या वेळेप्रमाणे पुढेमागे करा.

१. निघायच्या आधी (सहा-साडेसहा): पोटभर जमत नसेल तर एक केळं आणि दूध, किंवा कालच्या पोळीला तूप-गूळ लावून सुरळी. चहा-बिस्किट हा नाश्ता धरू नका, तासाभरात पोट पुन्हा रिकामं.

२. पहिल्या ब्रेकला (साडेनऊ-दहा): छोटा डबा. उकडलेली दोन अंडी, किंवा मूठभर भाजलेले चणे आणि दाण्याचा लाडू, थालीपीठ, धिरडं, जे घरात होईल ते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं, मूठभर चण्यांतही जवळपास तेवढंच, आणि प्रोटीन गेलं की भूक जास्त वेळ थांबते.

३. दुपारचा डबा (साडेबारा-एक): अख्खा. प्रॅक्टिकल साडेअकरा ते साडेतीन असेल तर डबा अकराला खा, लोक हसतील, हसू दे. लॅबमध्ये खाता येत नाही आणि साडेतीनला तुम्ही खाणार नाही, कँटीनला जाणार.

४. कॉलेज सुटताना (साडेचार-पाच): सगळा लेख विसरलात तरी चालेल, हे खाणं विसरू नका. स्टेशनला पोचायच्या आधी खायचं. चणे-शेंगदाणे, ओली भेळ, इडली, ताक आणि पोळीचा रोल. वडापाव आवडतो ना, तर खा वडापाव, पण पाच वाजता एक, बसून. पावणेसातला गर्दीत उभ्याने तीन खाल्ले तर ते कधी संपले हेही कळत नाही.

५. रात्रीचं जेवण (साडेआठ-नऊ): भात हवाच असेल तर भात. आमटी, भाजी, दही, काहीतरी पातळ आणि काहीतरी चावायला.

६. बारानंतर जागणार असाल तर एक ठरवलेलं खाणं: दूध, केळं, पोळी-भाजी, दहीभात.

सहाव्या मुद्द्याला घरचे कपाळावर आठ्या घालतील. पण हिशोब करा, हॉस्टेलच्या मेसला आठला जेवलात आणि दोनपर्यंत जागलात तर सहा तास होतात, दिवसा सहा तास कुणी उपाशी राहील का. रात्री दीडची ती भूक बऱ्याचदा खरी असते. तिला टेन्शनचं खाणं म्हणून शिव्या घालत आपण नको ते खातो, त्यापेक्षा आधीच ठरवून वाटीत काढून ठेवलेलं बरं. हॉस्टेलवाल्यांनी मेसमधूनच दोन पोळ्या आणि केळं उचलून ठेवावं, रूममध्ये चण्यांची बरणी असावी.

सावधान: या आठवड्यात काही ‘बंद’ करू नका. साखर नाही, भात नाही, काही नाही. बंद केलेला पदार्थ रात्री डोक्यात नाचतो.

आणि उपास. चतुर्थी, नवरात्र, गुरुवार, ज्याची त्याची श्रद्धा, पण ज्यांचं रात्रीचं खाणं हाताबाहेर जातंय त्यांनी या महिन्यात उपासातून सूट घ्यावी असं माझं मत. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच आलेली नाही. करणारच असाल तर दिवसभर चहावर काढू नका, दाण्याची आमटी-भगर नीट जेवा.

चेक: पाच-सहा दिवस हे जमलं की पुन्हा बघा, रात्री किती वेळा उठून डबा उघडला. आठवड्यात चार वेळाचं दोन वेळा झालं असेल तर पुढे चला. काहीच फरक नसेल तर पुढे पळू नका, चौथं खाणं खरंच होतंय का ते तपासा. दहातले आठ जण तिथेच अडकलेले असतात (हा सर्व्हे नव्हे, माझा अंदाज).

## पायरी ३: वरण-भाताची परीक्षा

आता जी खाणी उरली त्यात भूक कुठली आणि ताण कुठला हे ओळखायचं. पद्धत सोपी आहे. हात डब्याकडे गेला की स्वतःला विचारा, आत्ता समोर साधा वरण-भात ठेवला तर खाईन का? हो आलं तर भूक आहे, जा आणि जेवा, लाजायचं काही नाही. ‘वरण-भात नको, शेजवान राइसच हवा’ किंवा ‘कुरकुरीत काहीतरी’ असं आलं तर पोट बोलत नाहीये, डोकं बोलतंय. भूक हळूहळू चढते आणि कशानेही भागते, ही दुसरी मात्र एकदम येते, तिला ठरावीकच चव लागते आणि पोट भरलं तरी थांबत नाही.

इथे लोक चुकतात: ही परीक्षा स्वतःला खाऊ न देण्यासाठी वापरतात. वरण-भात नको म्हणालीस ना, मग गप्प बस, असं. तसं नाही करायचं. फक्त नाव ठेवायचं, ‘हे टेन्शनचं आहे’, आणि पायरी ५ ला जायचं. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत गोड खावंसं वाटणं खूप जणींना होतं, त्या दिवसांत परीक्षा-बिरीक्षा न घेता जेवणानंतर एक लाडू ताटातच वाढून घ्या.

## पायरी ४: जागा आणि फोन लावून घ्या

मुंबईत ‘अभ्यासाची खोली वेगळी ठेवा’ असा सल्ला देणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. आपल्याकडे एकाच खोलीत टीव्ही, देव्हारा, शिलाई मशीन आणि इंजिनिअरिंग असतं. त्यामुळे खोली बदलत नसेल तर वस्तू हलवा.

१. फराळाचे, बिस्किटांचे डबे बसल्या जागेवरून हाताला येणार नाहीत असे ठेवा. लपवून ठेवायचे नाहीत, फक्त उठायला लागलं पाहिजे. मी मांडणीकडे पाठ करून बसायला लागले, एवढ्यानेही फरक पडला.

२. पाकिटातून, डब्यातून थेट खायचं नाही. ताटलीत घ्यायचं, डबा परत जागेवर, मग बसायचं. वेफर्स असोत की चिवडा. आपण किती घेतलं हे डोळ्यांना दिसलं पाहिजे.

३. खाताना पुस्तक बंद, रील्स बंद. ‘वाचता वाचता खाते, वेळ वाचतो’ हे सगळ्यात महागात पडतं, कारण मग पुस्तक उघडलं की तोंड मागायला लागतं. पाच मिनिटं फक्त खा.

४. जेवण मागवायच्या ॲपमधून सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, नोटिफिकेशन बंद करा. दहा मिनिटांत किराणा घरी येतो तिथे ‘घरात ठेवतच नाही’ हा उपाय आता चालत नाही, त्यामुळे मध्ये दोन-तीन पायऱ्या वाढवायच्या. ॲप काढून टाकायची गरज नाही, रूममेटबरोबर महिन्यातून दोनदा मागवा की मस्त, फक्त खोक्यातून नको, ताटलीत.

५. घरी अभ्यास होतच नसेल तर जवळची अभ्यासिका बघा. मुंबईत बऱ्याच भागांत ग्रंथालयांच्या, मंडळांच्या अभ्यासिका असतात, फी बेताची असते. तिथे टेबलावर खायला देत नाहीत, आणि ब्रेक घ्यायला उठून बाहेर जावं लागतं, आपल्याला तेच हवंय.

घरच्यांशी बोलणं हा यातला सगळ्यात अवघड भाग. आई टोकते, मावशी लग्नात सगळ्यांसमोर बोलते, बाबा डबा कपाटात कुलपात ठेवतात. टोकल्याने चोरून खाणं वाढतं, कमी होत नाही. चिडून बोलायला जाऊ नका, एक काम मागा. मी म्हटलं होतं, “आई, रात्री काय खाते ते बघू नकोस ना थोडे दिवस. त्यापेक्षा पाचला खायला छोट्या डब्यात काहीतरी देशील का?” ती म्हणाली, “मग आधी नाही का बोलायचं, मला वाटलं तुला डब्याची लाज वाटते.” दुसऱ्या दिवसापासून डबा दोन मजली झाला.

## पायरी ५: दहा मिनिटं थांबा, पण रिकामं थांबू नका

आता खरी टेन्शनची भूक. ती आली की दहा मिनिटांचा टायमर लावायचा. ‘खाणार नाही’ असं म्हणायचं नाही, ‘दहा मिनिटांनी खाईन’ म्हणायचं. आणि त्या दहा मिनिटांत काय करायचं हे टेन्शन कुठलं आहे त्यावर. सरसकट ‘दीर्घ श्वास घ्या’ सांगून उपयोग होत नाही.

सुरुवातच होत नाहीये. हे सगळ्यात कॉमन. जर्नल उघडायची भीती वाटते म्हणून माणूस स्वयंपाकघरात जातो, कारण खाणं हे अभ्यास पुढे ढकलायचं एकमेव कारण आहे ज्यावर घरात कुणी बोलत नाही. तेव्हा दहा मिनिटांत इतकं छोटं काम घ्या की हसू यावं. पानावर तारीख टाका, प्रयोगाचं नाव लिहा, आकृतीची चौकट आखा. बस. बऱ्याचदा टायमर वाजतो तेव्हा तुम्ही निरीक्षणांपर्यंत पोचलेले असता.

डोकं भंजाळलंय. तीन तास सलग बसून अक्षरं नाचायला लागलीत. इथे शरीर हलवायचं. जिन्याने खाली, गेटपर्यंत, वॉचमन काकांना हात करून वर. रात्री उशीर झाला असेल तर गॅलरी, भांडी विसळणं, कपड्यांच्या घड्या. फोन घेऊन पडायचं नाही.

कुणाशी वाजलंय, एकटं वाटतंय, केटी लागलीय (विषय राहिलाय). मेसेज टाइप करत बसू नका, फोन लावा. ‘दोन मिनिटं बोल फक्त’ असं म्हटलं की मित्र बोलतात. कुणीच उचलत नसेल तर कागदावर जे मनात आहे ते शिव्यांसकट लिहून फाडून टाका.

झोप आलीय. हे लोकांना पटतच नाही. झोप कमी झाली की भूक वाढते, आणि जागं राहण्यासाठी आपण चावत बसतो. वीस मिनिटं अलार्म लावून पडा, नाहीतर सरळ झोपा आणि पहाटे उठा.

टायमर वाजल्यावरही खावंसं वाटलं तर खा. ताटलीत, बसून, पुस्तक बंद करून. दहा मिनिटं थांबून खाल्लं म्हणजे हरलात असं काही नाही, आधी हे आपोआप होत होतं, आता तुम्ही ठरवून खाल्लंत.

सावधान: थांबायच्या वेळात चहा-कॉफी ढोसू नका. कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या मोठ्या मगातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. मग झोप नाही, झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी भूक. पाचच्या कटिंगनंतर बंद केलेलं बरं.

## पायरी ६: परीक्षेचा आठवडा

या आठवड्यात सुधारणा करायची नसते, नुकसान कमी करायचं असतं. रविवारीच पाच गोष्टी आणून ठेवा: केळी, अंडी किंवा पनीर, भाजलेले चणे, दही, आणि आवडीचं एक काहीतरी चमचमीत. हो, तेही, मुद्दाम, छोट्या पाकिटांत.

पेपरच्या दिवशी निघायच्या आधी घास उतरत नसेल तर पातळ घ्या, नाचणीची आंबील, ताक-भात, दूध-केळं. पेपर सुटल्यावर लगेच खा, आन्सर चेक करायच्या आधी. पेपर वाईट गेला आणि पोट रिकामं, हे दोन्ही एकत्र घेऊन स्टेशनच्या स्टॉलसमोर उभं राहू नका.

पहिल्या सेमिस्टरची परीक्षा बऱ्याचदा दिवाळीच्या आगेमागे येते आणि घरात चिवडा, लाडू, करंज्यांचे डबे भरलेले असतात. फराळ न खाण्याची शपथ घेऊ नका, टिकणार नाही आणि टिकवूही नये. संध्याकाळच्या चहाबरोबर ताटली वाढून घ्या, सगळ्यांबरोबर बसून. फराळ हा चारचौघांत खायचा पदार्थ आहे, तो रात्री एकट्याने अंधारात खाल्ला की त्याची चवही लागत नाही.

## पायरी ७: घसरलात तर

घसरणार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक रात्र अशी येतेच. त्यानंतर काय करता यावर पुढचे चार दिवस अवलंबून असतात.

१. पाणी प्या, दात घासा, झोपा. रात्री हिशोब मांडायचा नाही.

२. सकाळचा नाश्ता ठरलेल्या वेळी. भूक नसली तरी अर्धा तरी. ‘काल एवढं खाल्लं म्हणून आज दुपारपर्यंत काही नाही’ इथेच चक्र पुन्हा सुरू होतं.

३. दुपारी वहीत एक ओळ, काल चौथं खाणं झालं होतं का, झोप किती झाली होती, काय घडलं होतं. मग वही बंद.

शिक्षा म्हणून दोन तास पळणं, दिवसभर फक्त लिंबूपाणी, सोमवारपासून नवीन नियम, यातलं काही करायचं नाही.

दोन आठवड्यांनी मोजायचं ते एवढंच, आठवड्यात किती रात्री हाताबाहेर गेल्या. पाचाच्या तीन झाल्या तरी चाललंय बरोबर.

## हे घरगुती उपायांचं काम नाही, असं कधी समजायचं

थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातं, थांबवायचं म्हटलं तरी थांबवता येत नाही, आणि असं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिन्यांपासून चालू आहे, तर त्याला डॉक्टरी भाषेत नाव आहे आणि उपचारही आहेत. खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, दिवसेंदिवस उपाशी राहणं, यातलं काहीही असेल तर तीन महिने थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. जगणंच नको वाटत असेल तर आजच, आत्ता कुणाला तरी सांगा.

सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, चोवीस तास, फुकट. कॉलेजमध्ये काउन्सेलर असेल तर तिथून सुरुवात करा. परळचं केईएम, सायन आणि मुंबई सेंट्रलचं नायर या पालिकेच्या हॉस्पिटल्समध्ये मानसोपचाराचे विभाग आहेत, खर्च खासगीपेक्षा खूप कमी. जाताना पायरी १ ची वही घेऊन जा, डॉक्टरांसमोर बसल्यावर ऐनवेळी काही आठवत नाही आणि ‘मी जरा जास्त खाते’ एवढंच तोंडातून निघतं. वही पुढे सरकवली तरी काम होतं. ओपीडीचा केसपेपर सकाळी काढावा लागतो आणि रांग लांब असते, नाश्ता करून निघा, छोटा डबा पिशवीत टाका.